घरात साबुदाणा उदंड, मीठ मात्र नाही

मंडळी, ऐका! आज आधी मी विचारणार. देवळात या म्हटलं की सगळे काय म्हणतात? "महाराज, यायचं होतं हो, पण वेळच मिळत नाही!" बरोबर ना? आता मला सांगा, देवानं दिवस सगळ्यांना सारखाच दिला. राजाला मोठा आणि रंकाला तोकडा, असं काही केलं नाही. मग तुमचा वेळ जातो कुठं? चोर नेतो? ते बघा, खांबाला टेकलेले आबा मान डोलवायला लागले. आबा, तुमचा वेळ पारावर जातो, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे! मी विचारतोय घरातल्या बाईचा. तिचा वेळ कोण नेतं?

याचं उत्तर पोथीत शोधू नका. ते तुमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. ऐका तर.

नदीकाठचं एक गाव. दर गुरुवारी तिथं बाजार भरतो. त्या गावात श्रीपती भोईटे नावाचा गृहस्थ राहायचा, दूध डेअरीत कामाला. सरळ माणूस, सुपारीचं सुद्धा व्यसन नाही. घरात त्याची बायको द्वारका आणि म्हातारी आई भागूबाई. सून सासूला आत्या म्हणायची. तीन माणसं, एक चूल, आणि फळीवर ओळीनं मांडलेले डबे. सुखाचा संसार!

आणि या द्वारकेला देवानं गळा दिला होता. असा गळा, की ती ओट्यावर बसून तांदूळ निवडताना गुणगुणली तरी रस्त्यानं जाणारा माणूस सायकलवरून उतरायचा. गावात बायकांचं भजनी मंडळ होतं. अनसामावशी पेटी धरायची. सप्ताह जवळ आला, तसं मावशीनं ठरवलं, काल्याच्या दिवशी सकाळी बायकांचं भजन होईल ना, त्याची सुरुवात द्वारकेनं करायची. द्वारकेला काय आनंद झाला म्हणून सांगू! लग्न झाल्यापासून तिला कुणी 'तू गा' असं म्हटलंच नव्हतं.

रोज दिवेलागणीला देवळात तालीम. आता बघा हं काय होतं ते. द्वारका बसली. पेटीनं सूर दिला. तिनं डोळे मिटले, पहिला आलाप घेतला — आणि डोळे उघडले! "अगंबाई, घरात तेल न्हाई!" उठली, चालली. दुसऱ्या दिवशी? मोहरी! तिसऱ्या दिवशी चहापत्ती. हसू नका, मायबाप. तुमच्यातली निम्मी मंडळी आत्तासुद्धा इथं बसून उद्याच्या भाजीचा विचार करताहेत, मला वरून दिसतंय सगळं!

शेवटी अनसामावशीनं तिला बाजूला घेतलं. बाई मायेची, पण शिस्तीची. म्हणाली, "पोरी, भजन म्हंजी काय आमटी न्हवं, मधीच उठून ढवळायला. सुरुवात तूच करावीस ही माझी लई इच्छा. पन आता परत उठलीस, तर सुरुवात आपल्या मंडळातल्या हिराला देनार. माझा इलाज न्हाई."

द्वारका घरी आली. चूल पेटवली, भाजी टाकली, मिठाचा डबा उघडला. काय असेल त्यात? बरोबर! चमचा होता.

इतक्यात श्रीपती आला. हातात पिशवी, तोंडावर आनंद! "अगं, बघ काय आणलंय! हळद! एकावर एक फुकट होती."

"अवो, मीठ आणलं का?"

"मीठ कुठं सांगितलं हुतंस?"

पाठोपाठ भागूबाई देवळातून आली. पदराची गाठ सोडली. गाठीत साबुदाणा. "वाटंत दिसला, घिऊन आले. घरात असावा."

द्वारका तिथंच भुईवर बसली. ओरडली नाही, भांडी आपटली नाहीत. नुसतं म्हणाली, "मला गायचं हुतं." आणि डोळ्यांना पदर लावला.

श्रीपती गोंधळला बिचारा. "मग गा की! कोन नको म्हनतंय?"

मंडळी, इथं जरा थांबा. हे वाक्य आपल्या पुरुषांचं फार लाडकं आहे बरं का. कोण नको म्हणतंय! अहो, कुणीच नको म्हणत नाही, हीच तर तिची पंचाईत. नको म्हणणारा असता तर त्याच्याशी भांडली असती. मिठाशी कसं भांडायचं?

पण द्वारका उठली. स्टूल ओढलं, पदर खोचला, आणि फळीवरचा एकेक डबा खाली काढायला लागली. आता या घराची एक रीत होती. भागूबाईची शिकवण — डबा कधी रिकामा करायचा नाही, तळाशी मूठभर राहू द्यायचं, लक्ष्मी राहते. चांगली रीत! पण त्या मुठीवर हे काय करायचे? नवं आणून तसंच वर ओतायचे. वर्षानुवर्षं! तळाची डाळ कुणी बघितलीच नव्हती. द्वारकेनं डबा उपडा केला, तर लक्ष्मीच्या जागी किड्यांनी बिऱ्हाड केलेलं!

मग निघायला लागलं. हळद तर इतकी, की गावातल्या सगळ्या नवऱ्या मुलींना लागली असती. मोहरी तीन डब्यांत आणि तिन्ही डबे एकमेकांच्या मागं. साबुदाणा मोठ्या डब्यात, साबुदाणा बरणीत, साबुदाणा पिठाच्या पिंपामागं गाडग्यात! घर भरलेलं, आणि भाजी अळणी. तिघं तीन वाटांनी आणायचे, आणि काय हवंय ते कुणीच कुणाला विचारायचं नाही.

श्रीपती हसायला लागला. "आई, समद्या गावाला उपास घालायचा हाय का?"

भागूबाई हसली नाही. गाडग्यावर हात ठेवून म्हणाली, "आमच्या घरी सांजच्याला चूल पेटली न्हाई, की आई म्हनायची, पोरांनो, आज एकादशी हाय. दोन दिसांनी परत एकादशी. आमाला कळायचं, पन आमी गप ऱ्हायचो. आईला वाईट वाटू ने म्हनून. तवापासनं घरात साबुदाना दिसला न्हाई की माज्या पोटात खड्डा पडतो बघ."

श्रीपतीचं हसू गेलं. इतकी वर्षं आईच्या हातचं खाल्लं, पण हे त्याला ठाऊक नव्हतं. द्वारका सासूजवळ सरकून बसली. बोल लावायला आलेली सून, पण जीभ वळली नाही. उलट मऊ आवाजात म्हणाली, "आत्या, आजपासनं ही फळी तुमची. बाजाराच्या आदल्या दिशी डबे खाली काढायचे. तुमी हात घालून बघायचं, काय हाय, काय सरत आलंय. तुमी सांगाल तेच घरात यील. लक्ष्मीची मूठ ठिवू, पन वाटीत येगळी. नवं खाली घालायचं, जुनं वर. म्हंजी आधी जुनं संपतं."

"आन म्या काय करू?" श्रीपती म्हणाला.

"तुमी गुरुवारी एकदाच बाजारला जायचं. जेवून! उपाशी गेला की शेव-फरसाण आणता. आन भाजी कुठली करायची ते आठवड्याचं घरीच ठरवू, बाजारात जाऊन न्हाई."

मायबाप, एवढंच हो! यात कुठला मंत्र आहे? पण गुरुवारी काय झालं ऐका. श्रीपती दुकानात गेला. दुकानदारानं नेहमीसारखं आमिष दाखवलं, "श्रीपतराव, साबण बघा, तिनावर एक फुकट!" श्रीपती म्हणतो, "आईला विचारून सांगतो." दुकानदार बघतच राहिला! माणूस सामान घेऊन सरळ घरी. खिशात पैसे उरलेले. आणि मधले दिवस? दुकान तिकडं, श्रीपती इकडं. भागूबाईचा तर थाटच वेगळा, डब्यांपुढं अशी बसायची, जणू तिजोरीवरचा खजिनदार. आणि संध्याकाळी द्वारका देवळात! अख्खी तालीम. अनसामावशी पेटीवरून बघायची आणि हसायची.

मग सगळं सुरळीत झालं? छे हो! संसार आहे. काल्याच्या आदल्या दिवशी श्रीपतीची बहीण आली, जावई आले, पोरं आली. न कळवता! अहो, कळवून येईल तो पाहुणा कसला? पोरांसाठी गोडाचा शिरा झाला, परत झाला. सकाळी द्वारका नवं लुगडं नेसून तयार. चहाला आधण ठेवलं, साखरेचा डबा उघडला — साखर खलास!

जावई ओसरीवर बसलेले. देवळातून पेटीचा सूर ऐकू यायला लागलेला. दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला. श्रीपती पोरांना घेऊन नदीवर गेलेला. जावयाला बिनसाखरेचा चहा द्यायचा कसा? पाय सवयीनं वळले, हात खुंटीवरच्या पिशवीला गेला. सुरुवात जाणार हिराकडं, तिला कळलं. तरी पिशवी काढली.

आणि दारात भागूबाई! "ठिव ती पिशवी."

"आत्या, साखर न्हाई."

"न्हाई तर न्हाई! आज च्या गुळाचा. जावई काय त्यानं बारीक हुत न्हाई. तू जा, द्वारके. समदी वाट बघत्यात."

मंडळी, हे कोण बोललं? घरात एखादी वस्तू नाही म्हटलं की जिच्या पोटात खड्डा पडायचा, ती! फळीवर हिशोबानं सामान भरलं, ते चांगलंच झालं. पण म्हातारीच्या मनातला खड्डा त्या दिवशी भरला.

द्वारका गेली. गायली! अहो, काय गायली! भागूबाई चुलीपुढं बसून ऐकत होती, डोळ्यांना धार लागलेली. गुळाचा चहा पार फाटला, उतू गेला, तरी तिला भान नाही. जावयानं तो फाटलेला चहा मुकाट्यानं प्यायला, आणि वर म्हणाला, "झकास झालाय!" शहाणा माणूस.

आता तुमच्याकडं वळतो. घरी जाऊन डबे बघाल, बाजार एकदाच कराल, पैसे वाचवाल, वेळ वाचवाल. जरूर वाचवा! पण वाचलेला वेळ देणार कुणाला? पुरुष मंडळी, तुमच्या घरी नवी सून आली, तेव्हा कोण गात होतं? कोण रांगोळी काढत होतं, कोण पोथी वाचत होतं? ती कधी थांबली, तुम्हाला आठवतंय का? नाही ना? आबा, आता मान का नाही डोलवत?

उठा. टाळ घ्या. रोज गजर मी सुरू करतो आणि बाया मागून म्हणतात. आज तसं नाही. आयांनो, बहिणींनो, जरा पुढं सरका, पदर सावरत बसू नका. तुम्ही सुरू करा. आम्ही सगळे मागून म्हणतो.