धक्क्याच्या मळ्यातली चार सालं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या द्राक्षमळ्यांची, म्हणजे शातो एस्कलादची, मालकी असलेल्या विमा कंपनीचे प्रमुख, माननीय मस्यू ब्रिसो. माझ्या भाषणाच्या लांबीची आधीच धास्ती घेतलेल्या आपल्या सरपंच मादाम दुपुई. सत्कारमूर्ती, आपल्या वाइन-कोठाराच्या प्रमुख ओदीलबाई लाबार्थ. पॅरिसहून आलेले पाहुणे, शेजारच्या शातोंमधून आमच्या सुरईत काय आहे ते बघायला आलेले स्नेही, आणि कोठारातल्या, मळ्यातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी झील काझनाव, इथल्या वेलींचा मुकादम. गेली सत्तावीस वर्षं मी वेलींशी बोलतो. त्या उत्तर देत नाहीत, त्यामुळे मला मध्येच कुणी थांबवण्याची सवय नाही. सांभाळून घ्या.

अध्यक्ष महोदय आत्ताच फार सुंदर बोलले. त्यांच्या आधी कुणी बोललं असतं तर तेही झाकोळलं असतं, म्हणून कार्यक्रमपत्रिकेत त्यांनी स्वतःला पहिलं ठेवलं. ओदीलबाई आज चाळीस मिनिटं उशिरा आल्या, त्यावरही त्यांनी छान कोटी केली. ‘अडतीस वर्षांत पहिल्यांदा उशीर, तोही स्वतःच्याच निरोपाला.’ आपण सगळे हसलो. ओदीलबाई हसल्या नाहीत. त्या सहसा चाखल्याशिवाय मत देत नाहीत.

अध्यक्षांनी एक घोषणाही केली. नदीकाठचा धक्क्याचा मळा, म्हणजे पूर्वी पिंपं गलबतांत चढवायचे तिथला तो जुना तुकडा, सोमवारी उपटायचा. तिथे काचेचं अनुभव केंद्र उभं राहणार. पाहुणे लिफ्टने वर जातील, नदी बघतील आणि भिंतीवरच्या पडद्यावर वेल कशी वाढते ते पाहतील. वेली उपटून त्या जागी वेलींची माहिती द्यायची, ही कल्पना सुचायला मोठी बुद्धी लागते. आमच्यात ती नव्हती. आम्ही नुसत्याच वेली ठेवल्या होत्या.

आता मला एक कबुली द्यायची आहे, आणि ती ओदीलबाईंच्या देखतच द्यायची आहे. हा निर्णय ज्या कागदावरून झाला, तो कागद माझा आहे. वसंतात कंपनीने विचारणा केली होती, कोणत्या मळ्यात किती उतारा येतो. मी लिहिलं, धक्क्याचा मळा सगळ्यांत कमी, इतरांच्या जेमतेम एक तृतीयांश. बरोबर लिहिलं. सही केली. वर सुवाच्य अक्षर असल्याबद्दल शाबासकीही मिळवली.

त्यानंतर ओदीलबाई तीन आठवडे माझ्याशी बोलल्या नाहीत. कोठारात समोरासमोर आलो की त्या पिंपाकडे बघत. शेवटी मीच म्हटलं, ओदीलबाई, मी खोटं काय लिहिलं ते तरी सांगा. त्या म्हणाल्या, “खोटं लिहिलं असतंस तर मी भांडले असते रे. तुला विचारलं तेवढंच लिहिलंस. त्याचं काय करू मी?”

मंडळी, या वाक्यावर मी सहा महिने झोपतो आहे आणि गादी काही मऊ होत नाही.

मग महिन्यापूर्वी त्यांनी मला बोलावलं. कंपनीने त्यांना विचारलं होतं की निरोपाच्या जेवणाला कोणत्या सालांच्या वाइन वाढायच्या, निवड तुमची. त्यांनी चार सालं काढली. मला म्हणाल्या, “भाषण तू करायचंस. माझं कौतुक करू नकोस, ते ऐकायला मला निवृत्तीनंतर वेळ आहे. तू फक्त सालं सांग.”

तर मी सालं सांगायला उभा आहे.

आपल्या घरचा रिवाज सगळ्यांना ठाऊक आहे. एस्कलादच्या टेबलावर बाटली येत नाही, सुरई येते. आधी चाखायचं, मग बोलायचं, आणि साल शेवटी कळायचं. नाव वाचून कौतुक करणारा माणूस आपण पूर्वीपासून वाइनच्या दुकानात पाठवतो, टेबलावर बसवत नाही. अध्यक्ष महोदयांनी हा रिवाज आज मनापासून पाळला. चारही पेल्यांवर ते बोलले. कोपऱ्यात बसून मी त्यांचे शब्द टिपून घेतले आहेत. अक्षर सुवाच्य आहे.

पहिल्या पेल्याला ते म्हणाले, “किती शांत, किती खानदानी.” ते एक्याण्णव साल आहे.

माझ्या शेजारच्या टेबलावर दोन भुवया वर गेल्या, त्या मला दिसल्या. हो, एक्याण्णव. एप्रिलमधल्या एका सकाळी हिमाने अख्ख्या मुलखाचे कोंब काळे केले ते वर्ष. ओदीलबाईंचा कोठारप्रमुख म्हणून पहिलाच हंगाम. तेव्हाचे म्हातारे मालक म्हणाले, यंदा आपल्या नावाची वाइन होणार नाही, सगळं घाऊकात बिननावाचं विकून टाका. ओदीलबाई हो म्हणाल्या. फेब्रुवारीत मळ्यामळ्यांच्या वाइनचं मिश्रण ठरवायच्या दिवशी त्यांनी मालकांपुढे पाच पेले ठेवले, खाली नुसते आकडे. मालकांनी चौथा उचलला, पुन्हा उचलला आणि विचारलं, हे कुठलं? हे धक्क्याचं. नदीच्या उबेने तेवढाच मळा हिमातून धड वाचला होता. छप्पन्न सालच्या गोठवणाऱ्या थंडीतही तोच वाचला होता, आणि त्या वेली आजही तिथेच उभ्या आहेत. मालकांनी तो पेला रिकामा केला. मग म्हणाले, “पोरी, तू मला फसवलंस.” ओदीलबाई म्हणाल्या, “मी नुसते आकडे टाकले. निवडलंत तुम्ही.”

त्या साली थोड्याच बाटल्या निघाल्या. पण नाव राहिलं.

दुसऱ्या पेल्याला अध्यक्ष म्हणाले, “ताजेपणा बघा.” दोन हजार तीन. त्या उन्हाळ्यात आमच्या मळ्यांत घडांचे मनुके झाले होते, आणि मी स्वतः दुपारी पाण्याच्या टाकीत बसून काम केलं आहे. तेव्हा मी मुकादम नव्हतो, त्यामुळे मला ते परवडलं. ताजेपणा धक्क्याच्या जुन्या मुळांचा. ती कुठपर्यंत खाली गेली आहेत ते कुणालाच माहीत नाही. सोमवारी यंत्राला कळलं असतं.

तिसरा पेला. “रेशमी” असा शब्द आला. दोन हजार तेरा, साहेब. सप्टेंबरभर पाऊस आणि घडांवर बुरशी. ओदीलबाईंनी तोडणीवाल्यांना एकेक मणी हाताने निवडायला बसवलं. तेव्हा आमच्या सोलांजने, जिने आजचं कोकरू द्राक्षकाड्यांच्या निखाऱ्यावर भाजलं तिनेच, विचारलं होतं, बाई, आता मण्यांना कंगवाही करू का? ओदीलबाई म्हणाल्या, कर, पण बियांना धक्का लावू नकोस. धक्क्याच्या मळ्यातल्या खड्यांमधून पाणी उतरून जात होतं. इतर मळ्यांत आम्ही बूट हरवत होतो.

राहिला चौथा. त्याच्यावर अध्यक्ष सगळ्यांत जास्त बोलले. ते उभे राहिले, पेला उजेडात धरला, आणि म्हणाले, मी शब्दशः वाचतो, “याच वाइनसाठी आम्ही हे घर घेतलं. मी अध्यक्ष आहे तोवर या पेल्यातली वाइन बनत राहील, हा माझा शब्द.” आपण टाळ्या वाजवल्या. सरपंचबाईंनी तर दोनदा वाजवल्या.

ते दोन हजार सतरा आहे. पुन्हा एप्रिलचं हिम. अध्यक्ष महोदय, आपल्या कंपनीने घर घेतलं त्याच्या दुसऱ्याच वर्षाचं. तेव्हा आपण आम्हाला सांत्वनाचं पत्र पाठवलं होतं आणि माहितीपुस्तिकेतून ते साल वगळायला सांगितलं होतं. आजही त्या पुस्तिकेत सोळानंतर एकदम अठरा येतं. त्या वर्षी इतर मळ्यांतून घरच्या नावात घालण्याजोगं काहीच निघालं नाही. आपल्या हातातला तो पेला काठोकाठ धक्क्याचा आहे. दुसऱ्या मळ्याचा त्यात थेंबही नाही.

पेला खाली ठेवू नका, साहेब. उत्तम आहे. आपणच म्हणालात.

मी आपल्याला फसवलं असं वाटत असेल तर ते वाटणं या घरात जुनं आहे, आणि त्याचं उत्तरही जुनं आहे. वसंतात मला विचारलं गेलं, किती? मी लिहिलं, थोडी. ‘कधी’ असं विचारलं असतं तर मी लिहिलं असतं, जेव्हा दुसरं काही उरत नाही तेव्हा. न विचारताही लिहायला हवं होतं. ते आज दोनशे माणसांसमोर तोंडी लिहितो आहे. खाली सही माझीच.

आता सोमवार. यंत्र आठ वाजता येणार आहे असं मला कळवलं गेलं आहे. फाटकाची किल्ली माझ्याकडे असते, आणि ती माझ्याकडेच राहील. दुसऱ्या कुणाला हवी असेल तर आधी नवा मुकादम शोधावा लागेल. पण किल्लीची वेळ येईल असं मला वाटत नाही, कारण आपल्या मुलखात आणखी एक रिवाज आहे. छाटलेली वेल उपटत नाहीत. छाटणी म्हणजे वेलीला पुढच्या हंगामाचा शब्द दिला. हिमाने मारलं तर मारलं, माणसाने मारायचं नाही. माझ्या आजोबांच्या वेळेपासून तरी तो रिवाज कुणी मोडलेला मला ठाऊक नाही, आणि तो मोडणारे पहिले होण्याची हौस एखाद्या विमा कंपनीला असेल असं मी मानत नाही.

छाटणी अजून सुरू कुठे झाली, असं आपण म्हणाल. मलाही तसंच वाटत होतं. पण मघाशी ओदीलबाई चाळीस मिनिटं उशिरा आल्या, तेव्हा मी त्यांच्या बुटांकडे बघितलं. समारंभाचे नवे बूट, आणि त्यांना नदीकाठचा चिखल. कोटाच्या खिशातून कात्रीची मूठ डोकावत होती. मी हळूच विचारलं, किती ओळी झाल्या? त्या म्हणाल्या, “एक. गुडघा दुखतो. उरलेल्या तुझ्या.”

अध्यक्ष महोदय, एक ओळ छाटून झाली आहे.

उरलेल्या उद्या रविवारी होतील. मळ्यातली माझी नऊ माणसं हो म्हणाली आहेत, आणि सोलांजही येते आहे, कंगवा घेऊन. यंत्रवाल्याला आजच कळवलेलं बरं, बिचारा लांबून येतो.

ओदीलबाई, तुम्ही कौतुक करू नकोस म्हणालात, मी केलेलं नाही. सरपंचबाई, आपण एकदाही घड्याळ पाहिलं नाही, आभार. सुरया भरणाऱ्यांचे, वाढणाऱ्यांचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या सगळ्यांचे आभार. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. छाटणीत काही चुकलं असेल, तर ते मात्र पुढच्या सप्टेंबरातच कळेल. तेव्हा धक्क्याच्या मळ्यावर या.