आबांनी ऐकलेली गिटार

हॅलो?… हां, बोल मेघा… नाही गं, मोकळीच आहे. आत्ताच जळगावला परत पोचून चहा घेतला… काय झालं? आवाज असा का?

हं… हं… असं कोण म्हणालं? धुळ्याचे ते आयोजक?… म्हणजे मध्ये मध्ये सिनेमातली गाणी घाला, एखादी गायिका बसवा, तरच रविवारचा कार्यक्रम… आणि योगेंद्र हो म्हणतोय?

अगं ऐक ना… नाही म्हणायचं. सरळ नाही. मी तुझ्या नवऱ्याची मोठी बहीण म्हणून सांगत नाहीये. आज गाडीत जे झालं, त्यावरून सांगते… आबांनी त्याचा गिटारचा अल्बम ऐकला.

हो… हो, आपलेच आबा. त्याने दीपनगरच्या वीज केंद्रातली कायमची नोकरी सोडली, तेव्हापासून ज्यांच्यापुढे पोटच्या मुलाचं नाव काढायची सोय नव्हती, तेच.

फैजपूरला साखरपुड्याला निघालो होतो. गाडी मी चालवत होते, आबा शेजारी. नशिराबादच्या पुढे ट्रक आडवा झालेला, रस्ता ठप्प. म्हटलं, आता आबा उठून जातात कुठे. अल्बम लावला… छे, कोणाचा ते सांगितलंच नाही.

पहिलं संपलं, तर विचारतात, गाणं कधी सुरू होणार? म्हटलं, आबा, यात कोणी गात नाही, गिटारच बोलते. खिडकीबाहेर बघत बसले. दुसऱ्याला म्हणाले, हा भरकटला, चाल सोडून गेला कुठे?… हो ना, जॅझचं तसंच असतं. म्हटलं, येईल परत.

मग तिसरं… ते गं, ज्यात तबला आणि ड्रम भांडल्यासारखे वाजतात आणि गिटार त्यांच्या मधून निवांत हिंडत असते… तेच. गिटार गेली लांब, आणि मला वाटलं, आता हे बंद करायला लावणार. तर यांचा हात मांडीवर ताल धरतोय. सम आली… पण गिटार समेवर नाही आली, किंचित मागून आली. आबांचा हात तसाच हवेत राहिला.

पुन्हा लाव म्हणाले. लावलं. हात परत तिथेच अडला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हाऊ योगेंद्र शे."

शप्पथ… हा योगेंद्र आहे म्हणून मी एक शब्द सांगितला नव्हता… कसं म्हणजे? लहानपणी भजनाला आबा त्याच्या हातात टाळ द्यायचे. हा नेहमी जरासा मागून वाजवायचा. आबा सगळ्यांदेखत ओरडायचे. एकदा तर हातातून टाळ काढूनच घेतले. त्यानंतर तो भजनाला बसला नाही… तुला नाही सांगितलं? नाहीच सांगणार तो.

तर आबा म्हणाले, "तो चुकत नव्हता, नूतन. त्याची जागाच तिथे होती."

हं… अगं, रडतेस काय, मीही तशीच बसले होते. रस्ता मोकळा झालेला, मागचे हॉर्न वाजवतायत, आणि माझी गाडी जागची हलेना.

आता तूच सांग, सिनेमातली गाणी घुसडली की ती जागा राहणार कुठे?… लोकांना कळणार नाही, हे ठरवणारे ते कोण? आबांना जॅझ हा शब्दसुद्धा ठाऊक नाही… मग अर्ध्या हॉलपुढे वाजवेल. त्यात काय… हो, हो, मी बोलते आयोजकांशी, ते माझ्यावर सोड.

आबा?… इथेच आहेत, समोर. मघापासून ऐकतायत सगळं. मेघा, योगेंद्र घरी आहे ना? दे त्याला… मला नाही, यांना बोलायचंय. हात पुढे केलाय त्यांनी… घ्या आबा. असाच कानाला धरा.

…हं. मी बोलतोय… आबा… जेवलास का?… बरं… आयोजक काय म्हणतो ते कळलं. गाणंबिणं काही घालू नको… तू वाजवतोस तेच वाजव… आणि ऐक, रविवारी मी ई राहिनू. पुढे बसव मला, लांबचं कमी ऐकू येतं आता… हॅलो?… योगेंद्र?… नूतन, फोन कटना का?

नाही आबा, चालू आहे. कानाला धरून ठेवा. बोलेल तो.