व्यासपीठावरचा बाक

अध्यक्षबाई, त्यांच्यासोबत बाकावर बसलेले पाहुणे, सत्कारमूर्ती म्हणजे आमचा भाचा, आणि समोरची सगळी मंडळी, नमस्कार.

मी वेल्डर. शाळा सातवीत सुटली. मघापासून ऐकतोय, यानं लोखंडाला पंख दिले, पोलादाची कविता केली. असेल बाबा. मला एवढंच ठाऊक, तीस वर्षं कागदावर रेघ यानं मारली आणि टाका मी मारला.

पहिली खुर्ची यानं आईसाठी केली, म्हणजे माझ्या ताईसाठी. ताई म्हणाली, "सांध्यावर हे फोड आल्यासारखं काय रे?" झालं! पठ्ठ्यानं ग्राइंडर घेतला, टाका घासून सपाट. मी ओरडलो, "अरे, तो फोडच खुर्ची धरून ठेवतो!"

"मामा, दिसायला नको."

दोन वर्षांनी खुर्ची मोडली. ताईच्या कमरेत आजही सळई आहे. मानपत्रात हे नाही. कशाला असेल?

तेव्हापासून आमचा नियम. माल बाहेर जाण्याआधी मी प्रत्येक सांधा हातोडीनं वाजवायचा. धरलेला असला तर घणघणतो, नसला तर ठप्प. ठप्प वाजला की माल परत. किती भांडलो असू त्यावरून!

गेल्या वर्षी म्हणाला, "मामा, आता तू आराम कर." केला. मी न वाजवता बाहेर गेलेला पहिला माल म्हणजे हा बाक. एका टोकाला पकडलेला, बाकी सगळा अधांतरी. देखणा आहे, नाही कोण म्हणतं? सकाळी हॉल रिकामा होता, मी हातोडी लावली. ठप्प. याला सांगितलं.

"मामा, आजचा दिवस तरी गप्प बस ना."

बसणार होतो. पण मघाशी पाचवे पाहुणे टेकले आणि बाक कुरकुरला. नंतर आणखी दोनदा. तुम्हाला वाटलं माइक खरखरतोय. माइक नव्हता तो.

तेव्हा अध्यक्षबाई, पहिला मान तुमचा, आणि अधांतरी टोकालाही तुम्हीच. आधी तुम्ही उठा. सावकाश, बाकाला हात न टेकता. मग शेजारचे, एकेक करून. भाच्या, तू सांध्यापाशी आहेस, तू शेवटी. हसू नकोस. खाली कान दे, ऐकू येईल.

बोलावलंत, आभारी आहे. बोलण्यात चुकलं असेल तर पोटात घाला. सांधा ऐकण्यात माझं चुकलेलं नाही.

आणि कृपा करून टाळ्या नकोत. कुणीच वाजवू नका.