मुक्तिनाथाच्या पायऱ्यांवर बंद ठेवलेला फोन

बसा मंडळी, पुढं सरका. मोबाइल बंद केलेत? केलेतच, असं तोंडानं म्हणता. पण तिसऱ्या रांगेतले काका, तुमच्या खिशातून उजेड येतोय तो काय हृदयातला म्हणायचा? असू दे. आज त्यावरच बोलायचंय. आजचं पद माझं मीच जोडलंय, गोड मानून घ्या –

संशय बैसला दारी । देव राहिला बाहेरी ।।

प्रश्न असा. वाईट बातमी कानावर येऊ नये म्हणून माणसानं कान बंद केले, तर तो शुद्ध राहिला की नुसताच बहिरा झाला? घाईनं उत्तर देऊ नका. आधी दिगूनाना पेंडशांची गोष्ट ऐका.

दिगूनाना आमच्या गुहागराकडचे. दस्तनोंदणीच्या कचेरीत चौतीस वर्षं कारकून. समोर माणूस उभा राहिला, की हे आधी त्याचा अंगठा बघणार, मग तोंड! बायको चहा घेऊन आली तरी विचारणार, "आज न मागता कसा?" शेजारच्याच घरात सख्खा मोठा भाऊ, वासुदेव. सगळे त्यांना दादा म्हणत. दोघांची सुपारीची बाग सलग, विहीर एक, पंप एक. एक दिवस याची पाण्याची पाळी, एक दिवस त्याची. नानांना संशय आला, की दादा आपल्या पाळीचं पाणी घेतात. कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. पण अकरा वर्षं भाऊ भावाशी बोलला नाही, मंडळी. कुंपण कमरेएवढं होतं, रोज एकमेकांची डोकी दिसत होती.

नाना आणि रोहिणीकाकू मुक्तिनाथाला निघाले. नेपाळात, पार वर, थंड वाऱ्याच्या उजाड डोंगरात. इकडे दादा दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेले. निघायच्या आदल्या दिवशी दादांची सून केतकी कुंपण ओलांडून आली.

"काका, तिकडे आपलं कार्ड चालत नाही. तुमच्या फोनमध्ये ई-सिम घालून देते. इंटरनेट मिळेल, व्हॉट्सअॅप चालेल."

"कार्ड कुठाय?"

"कार्ड नसतं. हा चौकोन स्कॅन केला, की फोनमध्येच बसतं."

"जे हातात धरता येत नाही, त्याची आमच्या कचेरीत नोंद होत नसे," नाना म्हणाले. पण काकूंनी नानांचा फोन काढून दिला. पोरीनं सगळं लावलं आणि एक बटण दाखवलं. "वर पोचलात, की हे चालू करा. एवढंच करा काका. दादांना –"

"दादांचं मला काही सांगू नकोस."

पोरगी तशीच कुंपण ओलांडून निघून गेली. बघा हं, वाक्य अर्धं राहिलं. उरलेलं अर्धं नानांनी स्वतःच्या मनानं भरलं. अकरा वर्षं बोलणं नाही आणि आजच एवढी माया? मी कुठं आहे ते यांना का कळायला हवं? विचार करता करता धागा सापडला! आपल्याकडे समज काय, की भाऊबंदात कुणी गेलं, तर बातमी कानावर आली की सुतक. आली नाही, तोवर नाही. शास्त्री मंडळींनी मला मागाहून धरावं, पण नानांचं गणित असं होतं. म्हणजे दादांचं काही झालं, की हे लोक मला देवाच्या दारात गाठणार, आणि माझं दर्शन नासवणार. तेवढ्यासाठी हे न दिसणारं कार्ड!

मग काय करावं? फोन बंद करून पिशवीच्या तळाशी, लोकरी मोज्यात. सहलीच्या मॅनेजरला ताकीद, "माझ्या घरचं काही आलं, तर दर्शन होईपर्यंत मला सांगायचं नाही." शेजारी कुणाचा फोन वाजला, की नाना कानात कापसाचे बोळे घालत. विचारलं तर म्हणत, वारं फार आहे. काकूंकडे साधा बटणांचा फोन, तो तिकडे मुकाच. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, ती पोर काही वाईट नाही." नानांनी काकूंकडेसुद्धा संशयानं पाहिलं.

अखेर मुक्तिनाथ आला. देवळामागं एकशे आठ धारा, बर्फाचं पाणी. नाना त्या सगळ्यांखालून कुडकुडत गेले. कपडे बदलले, देवासमोर उभे राहिले, हात जोडले. आणि मनात काय? फोन बंद आहे ना? मोज्यातच आहे ना? काकूंनी गुपचूप चालू तर केला नाही ना? मूर्ती डोळ्यांसमोर होती, पण नंतर विचारलं तर नानांना तिचा रंग आठवेना.

बाहेर पायऱ्यांवर काकूंनी मोज्यातून फोन काढला. "झालं ना दर्शन? आता लावा."

बटण चालू झालं. थोडा वेळ काहीच नाही. मग निरोप येऊ लागले, एकामागून एक, सगळे केतकीचे.

काका, पोचलात का? दादा विचारतात.

दादांना उशीला टेकवून बसवलंय. फोन समोर धरलाय.

दादा म्हणतात, लहानपणी दिग्याला शब्द दिला होता, मुक्तिनाथाला दोघं मिळून जाऊ. मला काही जमत नाही. त्याला सांग, तू बघशील ते मलाही दाखव.

काका, ते वाट बघतायत.

शेवटचा निरोप तासाभरापूर्वीचा. काका, दादा आता डोळे उघडत नाहीत. तरी फोन करा.

मंडळी, त्या पोरीचं अर्धं राहिलेलं वाक्य एवढंच होतं.

नानांनी फोन काकूंच्या हातात दिला. काकूंनी फोन लावला. केतकीचा चेहरा दिसला आणि चित्र तिथंच थिजलं. डोंगरात रेंज ती केवढी! आवाज मात्र येत होता. "काका, चित्र जाऊ दे. फोन त्यांच्या कानाशी धरते. बोला तुम्ही."

अकरा वर्षांनी काय बोलणार? नाना उठले, अनवाणी पुन्हा धारांपाशी गेले आणि फोन पाण्याजवळ धरला. भिजला तर भिजला. मोठ्यानं रडत म्हणाले, "दादा, पाणी ऐक. आज तुझी पाळी आहे रे. सगळं पाणी तुझंच."

दादांनी डोळे उघडले का? नाही. मी खोटं सांगणार नाही. केतकी म्हणते, श्वास तेवढा जरा संथ झाला. दोन दिवसांनी, डोंगर उतरून पोखऱ्याला आले, तिथं बातमी आली. तेव्हा नाना फोन कानाशी धरूनच बसले होते, आणि कापसाचे बोळे केव्हाच फेकून दिले होते. हे सगळं मला त्यांनीच सांगितलं. म्हणाले, "बुवा, कीर्तनात सांगा, नावासकट सांगा. देवाला मी शुद्ध अंगानं भेटलो आणि भावाला भेटायचं राहिलं."

आता तुमच्याकडे येतो. सुरुवातीला मी मोबाइल बंद करा म्हणालो. बहुतेकांनी माझ्यासाठी केले, त्यांचे बंदच राहू द्यात. पण कुणीतरी असेल इथं, ज्यानं एका ठरावीक माणसाचा फोन येऊ नये म्हणून कधीपासून बंद ठेवलाय. काय मागेल, काय सांगेल, कशात अडकवेल, याचा संशय आहे त्याला. मी नाव घेत नाही. त्यानं आत्ता उठावं, बाहेर पारावर जावं आणि तो एक फोन करावा. निरांजन मी पेटवणार नाही. तो परत आला, की आरती सुरू करू.