होडीचं गणित अन् दोनचे सासरे

मारुतीरायाची आण, यातला एक शब्द खोटा निघाला तर जीभ झडो माही! सदुसष्ट साल. नागपुरात सीताबर्डीले महालच्या बसची लाइन लागली होती. लाइनीत गोपिका, तिची सासू पंचफुलाबाई अन् मागं पिशवी धरून सासरे रुपराव. गोपिका मॅट्रिकच्या गणिताले दुसऱ्यांदा बसत होती. पास झाली तरच मास्तरीण होणार होती.

"आत्याबाई, होडीचं गणित आलं तर मेली मी! धारेसंगं होडी तासाले बारा किलोमीटर जाते, धारेच्या उलटी आठ. मंग होडीचा वेग किती अन् धारेचा किती?"

"काहून घाबरते वं? होडी म्हणजे मी. धार म्हणजे तुहे मामाजी."

"काही बी!"

"आयक तं. त्याइच्या मनासारखं चाललं की दोघं मिळून बारा. मी उलटी निघाली की ते मले मागं ओढते. राह्यले आठ."

"थांबा, थांबा! क्ष अधिक य बारा, क्ष वजा य आठ. एकात मामाजी अधिक, एकात वजा. दोन्हीची बेरीज केली तं... अगं माय, मामाजी कटले!"

"मी जित्ता आहो न वं अजून!"

"तुम्ही चूप राहा जी. पुढं बोल, पोरी."

"दोन क्ष म्हणजे वीस. आत्याबाई दहा, मामाजी दोन!"

"फक्त दोन?"

"पेपर होईस्तोर दोनच राहा जी. सून पास झाली की वाढवून देऊ."

अख्खी लाइन हासली. तेवढ्यात बस अगदी टायमावर आली.

पेपरात होडीचंच गणित आलं. गोपिका पास झाली, मास्तरीणही झाली. सारं खरं आहे.

बस टायमावर आली, तेवढं मात्र पदरचं.