तिसरा घास

सरूबाई : अगं अंबिके, भाची गाइड झाली म्हणून मी मिरवायला आले. पण त्या वरच्या खोलीचं नाव काढू नको! परदेशी भाडेकरू नाय म्हंजे नाय.

अंबिका : मावशी, त्या मुलीचं नावगाव तरी ऐकून घे. उद्या होस्टेल सोडायचंय तिला.

सरूबाई : नावगावाचं काय करू? ती फाडफाड इंग्रजी बोलणार, आन् मी भिंतीशी बोलू? आमचे हे गेल्यापासून तेच तर करते! मला बोलणारं माणूस पायजे. ही कोण आली गं?

अंबिका : ही तिगिस्त. इथिओपियाची. विद्यापीठात पीएच.डी. करते. आजचा फेरफटका आम्ही दोघी मिळून दाखवणार आहोत.

तिगिस्त : रामराम मावशी! ह्यो भडकल दरवाजा बघितला का? आमच्या माणसानं बांधला. मलिक अंबरनं!

सरूबाई : अगं बया! ही तर आपल्यावानी बोलती!

तिगिस्त : हौ! मेसमधल्या साळूबाईनं शिकवलं, भाकरी थापता थापता.

अंबिका : मंडळी, जवळ या! विचार करा, हबशांच्या मुलखातलं, म्हणजे हिच्या इथिओपियातलं, गुलाम म्हणून विकलं गेलेलं पोर. ते इथं येऊन निजामशाहीचा वजीर झालं! त्यानं खडकी वसवली, म्हणजे हेच आपलं शहर. आणि डोंगरातून पाणी आणलं, जमिनीखालच्या मातीच्या नळ्यांतून. तीच नहर!

सरूबाई : नहर? लग्न होऊन आले तवा आम्ही शहागंजात राहायचो, सासू रोज नहरीच्या पाण्याचं कौतुक सांगायची! म्हंजे आमचं अख्खं सासर हिच्या गाववाल्याचं पाणी प्यालं की!

तिगिस्त : आन् तुमचे मास्तर आमच्याकडं आले. माझ्या आईला गणित हिंदुस्थानी मास्तरांनी शिकवलं. चुकलं की कान पिळायचे!

सरूबाई : मग फिट्टंफाट! चल पोरी, सावलीला बस. धपाटे आणलेत, ठेचा बी हाय. राहती कुठं तू?

तिगिस्त : होस्टेलला. उद्या खाली करायचंय. गारखेड्यात एक खोली होती, पण मालकीण परदेशी नको म्हणाली.

सरूबाई : कोण गं ती भवानी? नाव सांग, मी बघते तिच्याकडं!

अंबिका : मावशी... ती भवानी तूच.

(कमानीखालून एक रिक्षा हॉर्न वाजवत जाते.)

सरूबाई : मला काय ठाऊक? मी म्हटलं, असंल कुणी मडम. पोरी, लई लाज वाटली बघ मला.

तिगिस्त : मावशी, तोंड उघडा.

सरूबाई : काय?

तिगिस्त : उघडा तं!

सरूबाई : अगं, अगं... घास भरवती व्हय? भर रस्त्यात? लग्नात ह्यांनी भरवला होता, नाव घेऊन. त्यानंतर कुणी नाय भरवला.

तिगिस्त : आमच्यात नेहमी भरवतात. आपलं माणूस ताटाला बसलं की त्याच्या तोंडात आपल्या हातानं घास. गुर्शा म्हणतात त्याला. घास जेवढा मोठा तेवढी माया.

सरूबाई : तरीच एवढा कोंबला! गुदमरले की मी.

तिगिस्त : पण एकावर थांबायचं नाय. एका घासानं भांडण होतं, दुसऱ्यानं ताटातूट, तिसऱ्यानं माया जडते.

सरूबाई : भांडण तर आधीच झालं. आण दुसरा.

अंबिका : मावशी, सगळी मंडळी बघतायत.

सरूबाई : बघू दे! डोळ्याला पाणी ठेच्यानं आलं म्हणून सांग त्यांना.

तिगिस्त : आता तिसरा. आ करा.

सरूबाई : थांब. तो इथं नको. आधी तुझं सामान आण. तिसरा घरी.