परतीच्या पावसाचा तो अंदाज

आजच्या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष भूपेंद्रभाई, ज्यांच्या कारखान्यातल्या मागांवर या सभागृहातले निम्मे हात चालतात. व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे. आजचे सत्कारमूर्ती, सुरतेतल्या गोडादऱ्याच्या आपल्या मंडळाचा कारभार इतकी वर्षं वाहिलेले रघुनाथराव बोरसे, म्हणजे आपले आप्पा. आणि उधन्याहून, पांडेसऱ्याहून पाळी बदलून इथे आलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

मी नूतन वाल्मिक देवरे. इथल्या मराठी शाळेत शिकवते. आप्पा उद्या मुलाकडे नाशिकला कायमचे राहायला निघालेत, आणि आजच्या आभाराचं काम माझ्याकडे आलंय. शाळेतल्या बाई आहेत, गोड बोलतील, असं कार्यकर्त्यांना वाटलं असावं. आभार मी मानणारच आहे. पण मघाशी इथे जे बोललं गेलं, ते तसंच सोडून मला आभार मानता येत नाहीत.

एक वक्ते म्हणाले, "एक्क्याण्णवच्या दुष्काळात दुसऱ्या वस्त्यांत पाण्यावरून डोकी फुटली, पण आप्पांनी आपल्या गल्लीच्या नळावर भांडण होऊ दिलं नाही." टाळ्या पडल्या. मग ते म्हणाले, "हवामान खात्याने मात्र त्या साली आपल्याला चांगलंच बनवलं." त्यावर तुम्ही हसलात. आप्पाही हसले.

आप्पा हसले नसते, तर मी मुकाट्याने आभार मानून खाली बसले असते.

त्या साली गावाकडे पावसाळा असून नसल्यासारखाच गेला. शिंदखेड्याकडे आमच्या गावची विहीर पोळ्यालाच खाली गेली. माझ्या सासूबाई, धुरपदाबाई, गावी एकट्या होत्या. इथे आमची एकच खोली. तरी माझे मालक म्हणाले, "आईला घेऊन येतो. पावसाचं काही खरं नाही." मी कपाट सरकवून त्यांच्या खाटेपुरती जागा केली. शनिवारी उधन्याहून भुसावळ पॅसेंजर धरायची, असं ठरलं. अशी तयारी आमच्याच घरी होती का? इथे बसलेल्या कितीतरी घरांत ती होती. आठवून पाहा.

गणपती बसलेले होते. आरतीआधी मंडपामागच्या खोलीत आप्पांच्या रेडिओवर बातम्या लागल्या. तिथे मी दुर्वा निवडत होते, आणि आप्पा होते. बातम्यांच्या शेवटी प्रादेशिक हवामान सांगितलं. ते मी या कानांनी ऐकलं आहे. परतीचा पाऊस दक्षिण गुजरात आणि कोकणच्या किनारपट्टीवर बऱ्यापैकी होईल. खान्देशात आणि मराठवाड्यात येत्या पंधरवड्यात पावसाची शक्यता फारशी नाही. यात न समजण्यासारखं काय होतं?

आप्पांनी रेडिओ बंद केला, बाहेर गेले आणि माईक हातात घेतला. "मंडळी, खात्याचा अंदाज आलाय. परतीचा पाऊस चांगला आहे. आपल्या माणसांना गावीच थांबायला सांगा. उगाच घरदार सोडून इकडे आणू नका."

मंडपात लोकांनी गणपतीचा जयजयकार केला. बाया रडल्या, आनंदाने.

आप्पा आत आले तेव्हा मी म्हटलं, "आप्पा, ते किनाऱ्याचं होतं. आपल्या गावाकडे नाही म्हणाले."

"ऐकलं मी, बाई."

"मग?"

ते माझ्याजवळ येऊन हळू बोलले. "या गल्लीत नळ एक. पाणी येतं ते तासभर. शे-दोनशे माणसं आणखी उतरली तर प्यायचं काय? नगरसेवक मला सांगून गेलाय, बाहेरची गर्दी वाढली तर हे कनेक्शनही राहणार नाही."

"मग हेच सांगा ना लोकांना."

"हे सांगितलं तर कोण थांबेल? आपल्या आईला कोण म्हणेल, तू तिकडेच राहा?"

आप्पा, माझा एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असेल तर मला थांबवा. नाही? मग पुढे सांगते.

घरी जाऊन मी मालकांना सगळं सांगितलं. ते चिडले. "आप्पा एवढ्या माणसांसमोर खोटं बोलतील? तुझ्याच ऐकण्यात काही आलं असेल." वाल्मिक इथे तिसऱ्या रांगेत बसले आहेत. मी त्यांना दोष देत नाही. तुमच्यापैकी कुणीही हेच म्हटलं असतं. आप्पांनी कुणाच्या पोराला कारखान्यात लावलं, कुणाच्या बायकोला इस्पितळात नेलं. माणूस विश्वासाचा होता, म्हणून तर त्यांचं बोलणं खरं मानलं गेलं. शनिवारची गाडी वाल्मिकनी सोडली. गावी जाणाऱ्या एकाजवळ निरोप दिला, पाणी येतंय, आई, थांब.

सासूबाई थांबल्या. शेजारची दोन घरं नंदुरबारकडे निघाली, त्यांनाही सासूबाईंनी सांगितलं, "जाऊ नका, पाऊस येणार आहे, सुरतहून निरोप आलाय." ती घरंही थांबली.

पितृपक्ष कोरडा गेला. नवरात्र कोरडं गेलं. विहिरीच्या तळाशी झरा होता, तिथे वाटीने पाणी भरायला बाया उतरायच्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सासूबाई उतरल्या. वयाचा विचार करायला दुसरं माणूस घरात होतं कुठे? शेवाळलेल्या पायरीवरून पाय गेला आणि त्या खाली दगडावर पडल्या. खुबा मोडला. दोंडाईच्याला दवाखान्यात ठेवलं, मग वाल्मिक त्यांना गाडीच्या डब्यात खाली गोधडीवर निजवून इथे घेऊन आले. मी केलेल्या जागेतच त्यांची खाट लागली. त्या खाटेवरून त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत.

आप्पा भेटायला आले, केळी घेऊन. सासूबाईंना मी सगळं सांगितलं होतं. त्यांनी आप्पांचा हात धरला आणि आमच्या अहिराणीत विचारलं, "आप्पा, तुमले माहीत व्हतं का?"

आप्पा म्हणाले, "अंदाज होता, माय. अंदाज चुकतो."

सासूबाईंनी हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं. केळी शेजारच्या पोरांना वाटून टाकायला सांगितली. तीन वर्षं त्या त्या खाटेवर होत्या. गेल्या, तेव्हा आप्पा खांदा द्यायला आले होते. वाल्मिकनी त्यांना तिरडीजवळ येऊ दिलं नाही. त्या दिवशी तुम्हा सगळ्यांना वाल्मिकचा राग आला होता. कारण विचारायला मात्र एकही जण आला नाही.

आणि नळाचं काय झालं? दिवाळीनंतर लोक आलेच. म्हातारी माणसं आली, लेकुरवाळ्या आल्या. रांग रस्त्यापर्यंत गेली. आपण हंडे अर्धे केले, पाळ्या लावल्या, कुरकुरलो आणि भागवलं. कनेक्शन कुणी तोडलं नाही. आप्पा, तुमची भीती खोटी होती असं मी म्हणत नाही. गल्लीची काळजी तुम्हाला होती, तेही मान्य करते. पण हंडा आमचा होता, आई आमची होती. अर्धा हंडा द्यायचा की आई गावी ठेवायची, हे तुम्ही आम्हाला विचारायचं होतं. तुम्ही विचारलं नाहीत. परस्पर ठरवलंत, आणि वर दोष खात्यावर घातलात.

भूपेंद्रभाई, आपण घड्याळाकडे पाहिलंत. जेवण तयार आहे, मला माहीत आहे. थोडं थांबा.

हे आजच का काढलं, सत्काराच्या दिवशी? तर यंदाही भाद्रपद आहे आणि गावाकडे यंदाही विहिरी खाली गेल्यात. या आठवड्यात रेडिओने पुन्हा सांगितलंय की खान्देशात परतीच्या पावसाचा भरवसा नाही. काल शाळेच्या फाटकाशी मी एका पालकाला म्हटलं, वडिलांना वेळेत घेऊन या. तो हसला. "बाई, खात्याचं काय ऐकता? एक्क्याण्णवला काय झालं?" असं हसणारे आज या सभागृहात किती आहेत, ते मघाशी कळलं. त्या खोटेपणाची किंमत सासूबाईंनी दिली. आता त्याच्यापायी आणखी कुणाची म्हातारी विहिरीत उतरणार आहे?

सासूबाईंसाठी मला आता काही मागायचं नाही. माफीही नको, ती त्यांच्यापर्यंत पोहोचायची नाही. पण या लोकांना खरं काय ते कळायला हवं. माझं त्यांनी तेव्हा ऐकलं नाही, आजही ऐकतील याची खात्री नाही. आप्पांचं ऐकतील.

तर आता माझं नेमून दिलेलं काम. अध्यक्ष भूपेंद्रभाईंनी वेळ दिला, त्यांचे आभार. पाहुण्यांचे, मंडप घालणाऱ्यांचे, आत स्वयंपाक करणाऱ्या भगिनींचे आभार. तुम्ही ऐकून घेतलंत, तुमचेही आभार मानते. बोलताना कुठे मर्यादा सुटली असेल, मानपान राखण्यात उणं राहिलं असेल, तर वडीलधाऱ्यांनी मुलगी समजून पदरात घ्यावं. घडलेलं मात्र मला सौम्य करून सांगता आलं नाही.

कार्यक्रमपत्रिकेत यानंतर भोजन आहे. ते थोडं मागे जाईल. त्या साली रेडिओने काय सांगितलं होतं, ते आता आप्पा सांगतील.